अर्धलीची शेळी

सारंगखेडा

आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेत मागाल तो घोडा मिळतो. पांढरा मागा, अबलख मागा, काळा कुळकुळीत मागा. तापीच्या काठानं दावणीच्या दावणी लागलेल्या असतात आणि सौदागर रुमालाखाली बोटं चाचपून सौदे करत असतात. त्या यात्रेत मी उन्हातान्हात सगळीकडे हिंडले, पण मला एक दुभती शेळी मिळाली नाही. लोक हसायचे. "मास्तरीणबाई, घोड्यांच्या बाजारात बकरी?" हसा बापडे! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आमचं काय जळत होतं ते सांगते. मी नंदुरबारला मुलींच्या शाळेत शिकवते. यजमान गेल्यावर शिकले, नोकरीला लागले, आणि दरवर्षी यात्रेच्या दिवसांत रजा काढून माहेरी येते. त्या वर्षी आले तर धाकटा भाऊ नारायण ओसरीवर डोकं धरून बसलेला. त्याची बायको इंदू बाळंत झाल्यापासून तापानं अंथरुणाला खिळली होती. तिचं दूध आटलं होतं आणि पोरीला, कुसुमला, वरचं दूध सोसत नव्हतं. म्हशीचं पाणी घालून पाजलं, ओकली. गाईचं पाजलं, ओकली आणि ढाळही लागले. मी तिला उचललं तेव्हा हातात नुसती दुपटीच आली असं वाटलं. रडत होती तोवर बरं होतं, आता तिनं रडणंही सोडलं होतं.

दोंडाईच्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "शेळीचं दूध मिळालं तर आशा आहे. पण ताजं हवं, धारोष्ण." सांगायला त्यांचं काय जातं! आमच्या आळीत घरोघर म्हशी, बकरी दारात बांधणं म्हणजे कमीपणा. बकऱ्या असायच्या त्या गावाबाहेर भिलाटीत. पण दिवाळीनंतर बकऱ्यांत साथ आली होती. तोंडं सुजून, हगवण लागून दावी रिकामी झाली, आणि ज्या दोनचार उरल्या त्या भाकड.

यात्रेतल्या एका गाडीवाल्यानं सांगितलं की नवापूरच्या डोंगरात साथ पोचलेली नाही, खांडबाऱ्याच्या बाजारात बकऱ्या येतात. नारायण लगेच उठला. "मी जास आक्का, बकरी लई येस." मी विचार केला, हा जाणार, शोधणार, घेऊन येणार. तोवर ही पोर राहायला हवी ना? शेळीला पोरीकडे आणायला वेळ नव्हता. मग पोरीलाच शेळीकडे न्यायचं मी ठरवलं.

घरात एकच गहजब उडाला. आबा, म्हणजे आमचे थोरले काका, घरातले कर्ते, काठी आपटत म्हणाले, "याडी व्हई गई का तू? इतली थंडी, तान्ही पोर, कठे लई जाई ऱ्हायनी तिले?" शेजारची एक बाई तर मोठ्या समजुतीनं पुढं आली. "अव माय, पोरच शे ना? देवनी दिधी, देव लई जाई." माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, "देवाला न्यायची असेल तर माझ्या हातातून ओढून न्यावी लागेल, बरं का! मी काही आपण होऊन द्यायची नाही." आतून इंदूचा आवाज आला, "न्या आक्का." मला तेवढी परवानगी पुष्कळ झाली.

खांडबारा

नावेनं तापी ओलांडली, दोंडाईच्याला गाडी धरली. आगगाडीची रडकथा सांगत नाही. कापसाच्या बोळ्यानं साखरेचं पाणी पोरीच्या ओठाला लावत होते आणि दर स्टेशनाला नाकाशी बोट धरून श्वास बघत होते, एवढंच मला आठवतं. नंदुरबार गेल्यावर मात्र मुलूख बदलला. आमच्याकडे नजर जाईल तिथवर काळी सपाट जमीन, झाड दिसलं तर बांधावर. इथं रुळाच्या दोन्ही बाजूंना टेकड्या चालून आल्या, साग आले, मोहाची मोठमोठी झाडं आली. गुडघ्यापर्यंत लुगडं कसलेल्या बाया डोक्यावर मोळ्या घेऊन एकीमागे एक चाललेल्या दिसल्या.

खांडबाऱ्याचा बाजार स्टेशनापासून जवळच भरला होता. आणि खरंच, बकऱ्याच बकऱ्या! तांबड्या, काळ्या, ठिपक्यांच्या, लांब कानांच्या. कोणी बाभळीला बांधलेल्या, कोणी मालकिणीच्या मांडीला टेकून बसलेल्या. मला वाटलं, जिंकलं.

इथं आमच्या हातून जो गाढवपणा झाला तो फक्त सारंगखेड्याच्या माणसालाच जमावा. नारायण घोड्यांचा पारखी. यात्रेत लोक त्याला हाताला धरून नेतात, बाबा, एवढा घोडा बघ. त्यानं धोतराचा सोगा खोचला आणि शेळी बघायला घेतली. आधी ओठ वर करून दात पाहिले. मग चारी खूर उचलून पाहिले. मग मानेवर, कपाळावर, छातीवर केस उलटे करून भोवरे शोधले. डोळ्याखाली भोवरा असलेला घोडा आम्ही घरात घेत नाही, तो आसवं आणतो म्हणतात. तशी एक चांगली कासवाली शेळी त्यानं त्या भोवऱ्यापायी सोडूनसुद्धा दिली! शेवटी एक उंच, काळीभोर, चकचकीत शेळी त्याच्या मनात भरली. मालकाला म्हणाला, "चालाडी दखाड." मालक बिचारा तिला घेऊन बाजारातून पळाला, परत आला. "काय चाल शे आक्का! मान दख!" मीही बघितलं. कास चांगली टपोरी दिसत होती. आमच्या म्हशींच्या हिशेबानं मी म्हटलं, एवढी कास, म्हणजे दूध असणारच. धार काढून बघायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. शेळी घेतली.

स्टेशनामागच्या आंब्याखाली मी पोरीला मांडीवर घेतलं आणि नारायण धार काढायला बसला. पिळतो आहे, पिळतो आहे. वाटीच्या तळाशी पिवळट चार थेंब पडले, पुढं काही नाही. शेळीनं एक लाथ मारून तेही सांडलं. नारायणाच्या कपाळावर थंडीत घाम आला. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलता मांडीवर बघितलं तर कुसुमची मान एका बाजूला कलंडली होती आणि डोळे अर्धे उघडे होते. 

"ओ बाई! ती भाकड शे. कास मांसनी शे तिनी, दूधनी नही."

बाजूला एक बाई उडीद विकत बसली होती. माझ्याच वयाची असेल. हातात पितळेच्या जाड वाक्या, कपाळावर गोंदण, पुढचा एक दात पडलेला. ती हसतच होती, नारायणाकडे बोट दाखवून शेजारणीला म्हणत होती, हा पाव्हणा बकरीवर बसणार आहे वाटतं. मग तिची नजर माझ्या मांडीवर गेली आणि हसू थांबलं. उडदाची टोपली तशीच टाकून ती उठली, पलीकडे बांधलेल्या एका तांबड्या शेळीजवळ गेली, मालकाला विचारलंही नाही. पळसाच्या पानावर धार काढली, करंगळी बुडवून पोरीच्या तोंडात घातली. पहिल्यांदा दूध ओठातून बाहेर आलं. दुसऱ्यांदा आलं. तिसऱ्यांदा कुसुमची टाळू हलली आणि तिनं ती करंगळी धरली. धरली ती सोडेना!

ती ओकली नाही. आम्ही किती वेळ बघत बसलो, ओकली नाही.

"ही तांबडी आम्हाला दे म्हणावं," मी घाईनं म्हटलं.

"ती बाजारबकरी, बठ्ठा दिवस उन्हात उभी. तिना दूधवर पोर जगाव नही," ती म्हणाली. "मन्हा घर चाला. मन्ही बकरी आत्तेच व्यायेल शे." बाईचं नाव गोमीबाई. गाव डोंगरात, विसरवाडीच्या अंगाला. तिचा भाचा होन्या बाजारात बैलगाडी घेऊन आला होता. नारायण कुजबुजला, "आक्का, वळखनं ना पाळखनं." मी म्हटलं, "तुझ्या ओळखीच्या सगळ्या घोड्यांनी काय दिवे लावले ते बघितलं मी. बस गाडीत."

गोमीबाईचं घर

नेसू नदी उतरून गाडी टेकड्यांच्या बेचक्यात शिरली तेव्हा उन्हं कलली होती. गाव म्हणजे आमच्यासारखी घराला घर लागलेली वस्ती नाही. एक घर या टेकाडावर, दुसरं त्या टेकाडावर, मध्ये शेतं. गोमीबाईचं घर बांबूच्या कुडाचं, शेणामातीनं सारवलेलं, आणि शिरल्याबरोबर अर्ध्या घरात बकऱ्या! उरलेल्या अर्ध्यात चूल, धान्याच्या कणग्या आणि माणसं. करडं बांबूच्या डालीखाली झाकलेली, ती आतून ओरडत होती. नारायण उंबऱ्यातच थबकला. मला आत जाणं भागच होतं.

तिनं एक ठिपक्यांची शेळी पुढं आणली. दिसायला काही खास नाही, एक शिंग मोडकं. नारायणानं तर तिच्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नसतं. गोमीबाईनं कुसुमला सुपात निजवलं, सूप शेळीखाली सरकवलं, शेळीचा मागचा पाय आपल्या गुडघ्यांत धरला आणि सड पोरीच्या तोंडात दिला. दुसऱ्या बाजूला तिचं स्वतःचं करडू लावलं. मी घाबरून म्हटलं, "अहो, लाथ बसेल!" ती म्हणाली, "करडू लागेल शे तोवर ती हालाव नही." शेळी खरंच हलली नाही. तिनं मान वळवून एकदा सुपाकडे बघितलं, हुंगलं आणि पान्हा सोडला. एकीकडे करडू ढुशा देतंय, एकीकडे आमची पोर चुटूचुटू ओढते आहे. मी भिंतीला टेकले आणि तिथंच खाली बसले.

पहिल्या दिवशी मी तीन दगड मांडून माझ्या पिठाची वेगळी भाकरी केली. आमच्या घरची रीत, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी पीठ मळायला घेतलं आणि माझी मलाच लाज वाटली. पोर यांच्या घरचं दूध पिऊन जगते आहे आणि माझी भाकरी मात्र सोवळ्यात! पीठ ठेवून दिलं, गोमीबाईच्या ताटात बसले. नागलीची काळी भाकर, उडदाची घट्ट डाळ, वर वाटलेल्या लाल मिरच्या. तिखट असं की कानातून धूर निघावा. नारायण आणखी थोडे दिवस केळी आणि शेंगदाण्यांवर राहिला. मग एक दिवस सकाळी बघते तर स्वारी चुलीपाशी बसून भाजलेली मोहाची फुलं खाते आहे.

तिथल्या दिवसांत मला बकरी म्हणजे काय ते कळलं. आम्ही जनावर मोजतो दुधावर आणि ओढीवर. इथं बकरी सगळीकडे. पीक निघालं की शेतात काट्याच्या कुंपणाचं वाडगं करायचं, बकऱ्या त्यात बसवायच्या, आणि जमीन खतावली की वाडगं पुढं सरकवायचं. असं करत करत सगळं शेत लेंड्यांनी काळं होतं, आणि तिथंच पुढं नागली रोपायची. आमच्याकडेही ठेलारी येतात, मेंढ्या शेतात बसवतात, पण आम्ही धान्य देऊन मोकळे होतो. इथं घरची म्हातारीसुद्धा सांगते, कुठल्या तुकड्यात बकऱ्या बसल्या नि कुठल्या राहिल्या. कातड्याचा ढोल होतो, केसांचा दोर होतो. लग्न ठरलं तर बकरी, पंचांनी दंड केला तर बकरी, पाहुणा आला तर बकरी. आम्ही पाहुणे आलो तेव्हाही होन्यानं बोकडाकडे बघितलंच होतं. मी हात जोडून त्याला थांबवलं.

एके दिवशी गावानं वाघदेवाला बोकड नेला. लाकडाच्या फळीवर कोरलेला वाघ, शेंदूर लावलेला, रानाच्या तोंडाशी उभा. बोकडाच्या अंगावर पाणी आणि तांदूळ टाकले आणि सगळे थांबले. मी विचारलं, आता काय? होन्या म्हणाला, बोकडानं अंग झाडलं की देवाला पावलं. नाही झाडलं तर परत न्यायचा. बोकड ठोंब्यासारखा उभा. माणसं उभी. कोणी त्याला डिवचलं नाही, कोणी घाई केली नाही. मी आयुष्यात कितीतरी गोष्टी माणसांना न विचारता झालेल्या पाहिल्या, माझं लग्नसुद्धा! इथं बोकडाला विचारत होते. शेवटी त्यानं अंग झाडलं आणि ढोल वाजला. पुढचं मला बघवलं नसतं, मी कुसुमला घेऊन घरी आले.

कुसुम आता रडायला लागली होती. काय सांगू, तो आवाज ऐकून मला किती आनंद झाला! पहाटे भूक लागली की घर डोक्यावर घ्यायची, आणि डालीखालची करडं तिला साथ द्यायची.

सौदा

माझी रजा कधीच संपली होती. संपू दे म्हटलं. पण इंदूचा जीव तिकडे टांगलेला, तिला जाणाऱ्या-येणाऱ्याकडून निरोप तरी किती पाठवणार? परतणं भाग होतं. आणि शेळीशिवाय परतणं म्हणजे पुन्हा पहिले पाढे. मी गोमीबाईला म्हटलं, "ही ठिपकी आम्हाला दे. तू म्हणशील ती किंमत."

"माले इकानी नही शे."

नारायणानं समजावलं. होन्यानं समजावलं, त्याला आमची भाकड काळी शेळी गाडीच्या भाड्यापोटी मिळाली होती, तो खूश होता. गोमीबाई उडीद निवडत राहिली. मी म्हटलं, "अग, तूच जगवलीस ना पोरीला? आता मारतेस काय?" ती चिडली. "मी मारस? आठे ऱ्हा ना मंग. वरीसभर ऱ्हा. मी नही सांगस का जा?"

मी तिच्यासमोर फतकल मारून बसले. म्हटलं, "शेळी मिळाल्याशिवाय मी उठणार नाही." ती म्हणाली, "नको उठू." चुलीच्या या बाजूला मी, त्या बाजूला ती. हट्टाला हट्ट भेटला. डाळ शिजली, उतरली, निवली, कोणी वाढून घेतलं नाही.

मग तिनं आपण होऊन सांगायला सुरुवात केली. तिची घरची मावची आणि बाजारी बोली अशी मिसळ होती. अडलं तिथं होन्या मला उलगडून सांगायचा. नवरा होता तेव्हा खालच्या मुलखातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या बकऱ्या त्यांनी अर्धलीनं राखायला घेतल्या होत्या. म्हणजे बकरी मालकाची, राखण यांची, करडं निम्मी निम्मी. रीत अशी की राखतीची बकरी मेली तर तिचे कान मालकाला आणून दाखवायचे. नाहीतर विकून खाल्ली असं धरतात. एका वर्षी बिबट्यानं त्यातली एक ओढून नेली, आख्खी. कान कुठून आणणार? मालकानं भर बाजारात नवऱ्याला चोर म्हटलं आणि यांच्या स्वतःच्या दोन बकऱ्या सोडून नेल्या. "मन्हा मानूस मरे तोवर त्या बाजारमां गया नही," ती म्हणाली. "बठ्ठा खांडबारा त्याले चोर म्हनी ना."

  तो मालक आमच्या गावचा नव्हता, पण आमच्यासारखाच कोणीतरी होता.

मग गोमीबाई म्हणाली, "अर्धलीनं लई जा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आम्ही?"

"हां. बकरी मन्ही, राखणं तुमनं. पुढला वेतना करडा निम्मा निम्मा, पहिला मी निवडसू. पोर भाकर खावाले लागनी की बकरी परत. इकानी नही, मारानी नही. आनि मरनी ते कान दखाडना पडतीन."

नारायण ताडकन उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. आमच्या घरी अर्धलीनं जनावरं देणं चालत आलेलं. आम्ही देणारे, राखणारे ते. आणि वरून कान! ज्या घरात अंडं शिजत नाही त्या घरात मेलेल्या बकरीचे कान कापायचे! तो ओरडला, "कान दखाडना? आम्ही काय चोर शेतस का?"

गोमीबाईनं त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "आम्ही बी नव्हतूत," ती म्हणाली.

 मी म्हटलं, "कबूल." तिनं नारायणाकडे बोट केलं. "तू नको. हाऊ बोलू दे." शेजारच्या टेकाडावरून तिनं चार माणसं बोलावली, अंगणात बसवली. नारायणाला त्यांच्यासमोर सांगायचं होतं की शेळी गोमीबाईची, मी राखतीला नेतो आहे. मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर तो उखडून निघूनच गेला असता, माझा भाऊ मला ठाऊक आहे. कुसुम सुपात पाय झाडत होती, पोट भरल्यावर झाडतात तसे. नारायणानं तिच्याकडे बघितलं, मग पागोटं काढून हातात घेतलं आणि एकेक शब्द घशातून ओढून काढावा तसा बोलला. कान दाखवीन, तेही बोलला. त्या माणसांनी माना डोलावल्या. गोमीबाईनं शेळीबरोबर जाणाऱ्या करडाच्या कानाला आपली खूण म्हणून खाच मारली आणि मगच वाढायला घेतलं.

परत

परतीला शेळीनं आमचा चांगलाच उद्धार केला. खांडबाऱ्याच्या फलाटावर एका पानवाल्याच्या करंडीतली विड्याची पानं तिनं खाल्ली. तो जो पेटला तो गाडी सुटेपर्यंत शांत झाला नाही. गाडीत टोपलीतलं करडू ओरडलं की शेळी ओरडायची, शेळी ओरडली की कुसुम. डब्यातली माणसं आमच्याकडे बघायची, मी सरळ त्यांच्याकडे बघायची.

तापीवर खरी पंचाईत झाली. शेळी नावेत चढेना. पाणी बघून तिनं चारी पाय रोवले, ओढलं तर बसली. नावाडी कंटाळून म्हणाला, ऱ्हाऊ द्या, उद्या या. माझा भाऊ, यात्रेतला नावाजलेला पारखी, त्यानं पांढरंशुभ्र धोतर वर खोचलं, शेळीचे चारी पाय दोन हातांत धरून तिला खांद्यांवर आडवी घेतली आणि नावेत चढला. नदीच्या मधोमध तिनं त्याच्या पाठीवर लेंड्या टाकल्या.  पलीकडच्या काठावर ओळखीचे चौघे उभे होते, त्यांच्यासमोरून तो तसाच उतरला.

आळीत शिरलो तर ओसऱ्यांवर माणसं जमा. आबा दारात काठी टेकून उभे. त्यांनी आधी माझ्या हातातल्या दुपट्यात डोकावून पाहिलं. पोर जिवंत आहे, डोळे टकाटका फिरवते आहे, हे पाहून त्यांच्या ओठांची चुळबुळ झाली. पण गावासमोर रडणारा माणूस नव्हे तो. घसा खाकरून म्हणाले, "कितलाले लीनी रे बकरी?"

मी नारायणाकडे बघितलंच नाही. काय सांगायचं ते त्यानं ठरवावं.

"इकत नही लीनी आबा," तो म्हणाला, आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "गोमीबाईनी शे, डोंगरमातली. आम्ही अर्धलीनं राखी ऱ्हायनूत."

कोणीतरी फिस्सकन हसलं. आबांनी काठी उगारली तसं ते थांबलं. शेळी आमच्या ओसरीच्या खांबाला बांधली गेली, म्हशींच्या गोठ्यात नव्हे, थेट ओसरीवर.

मी आत गेले. इंदूचा ताप उतरणीला लागला होता. ती उशाला टेकून बसली होती, हातांच्या नुसत्या काड्या झालेल्या. ती काही विचारेना. मी काय आणलं आहे ते बघायची तिला भीती वाटत होती, डोळे माझ्या पायांकडेच. मी कुसुमला तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं दुपटी बाजूला केली. पोरीच्या मनगटाला पडलेली वळी बघितली, गाल बघितले. मग दोन्ही हात खाली घालून तिला उरापर्यंत उचलायला गेली. उचललं, आणि हात अर्ध्यातच खाली आले.

"आक्का, धरा," ती म्हणाली, आणि हसायला का रडायला लागली ते मला कळेना. "मन्हाघाई पेलाई नही ऱ्हायनी. जड व्हई गई पोर."